मेमोरियल डे : सैनिकांच्या कबरींवर पहिली फुले कोणी वाहिली?

अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे हक्काचा लाँग वीकेंड. दुकानांत सेल, अंगणात बार्बेक्यू. पण ही सुट्टी आहे युद्धात प्राण गमावलेल्या सैनिकांच्या स्मरणाची. तिची सुरुवात कोणी केली, यावर मात्र आजही वाद आहे.

सुट्टी कशी सुरू झाली?
गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिणेत गृहयुद्ध झाले. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिकांचा मृत्यू झाला. उत्तरेकडील माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी ५ मे १८६८ रोजी आदेश काढला : ३० मे रोजी शहीद सैनिकांच्या कबरी फुलांनी सजवा. म्हणून या दिवसाचे सुरुवातीचे नाव 'डेकोरेशन डे'.

जन्मस्थानाचा मान कोणाला?
न्यूयॉर्क राज्यातील वॉटरलू गावात ५ मे १८६६ रोजी असा कार्यक्रम झाला होता. शंभर वर्षांनी, १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या गावाला अधिकृत जन्मस्थान जाहीर केले. जॉर्जियातील कोलंबससह इतर काही गावांचाही दावा आहे.

मग चार्ल्स्टनमध्ये काय घडले?
दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टनमध्ये घोड्यांच्या रेसकोर्सवर दक्षिणेच्या सैन्याने युद्धकैद्यांची छावणी केली होती. तिथे उत्तरेचे किमान २५७ सैनिक मरण पावले. त्यांना घाईघाईत पुरण्यात आले. युद्धानंतर शहरातील कृष्णवर्णीयांनी हे मृतदेह काढून सन्मानाने पुन्हा दफन केले आणि भोवती कुंपण घातले. १ मे १८६५ रोजी तिथे सुमारे दहा हजार लोक जमले. त्यातले बहुतेक जण नुकतेच गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. मिरवणुकीत पुढे सुमारे तीन हजार शाळकरी मुले होती, हातात गुलाबाची फुले घेऊन. म्हणजे वॉटरलूच्या वर्षभर आधी!

ही गोष्ट विस्मरणात कशी गेली?
तेव्हा वृत्तपत्रांत बातम्या आल्या होत्या. पण पुढे दक्षिणेत सत्ता पुन्हा गोऱ्यांच्या हाती गेली आणि ही आठवण मागे पडली. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना १९९० च्या दशकात जुन्या कागदपत्रांत तिचे उल्लेख सापडले. याच कार्यक्रमावरून लोगन यांना कल्पना सुचली, याचा पुरावा नाही. मात्र ज्यांच्या मुक्ततेसाठी हे सैनिक लढले, त्यांनीच त्यांना फुले वाहिली, याची नोंद आहे. त्या जागी आज हॅम्प्टन पार्क आहे. हे नाव आहे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या एका जनरलचे.

सोमवारच का?
पहिल्या महायुद्धानंतर सर्व युद्धांतील मृत सैनिकांचा यात समावेश झाला. १९६८ च्या कायद्यानुसार १९७१ पासून ३० मेऐवजी शेवटचा सोमवार ठरला. या दिवशी दुपारपर्यंत राष्ट्रध्वज अर्ध्यावर असतो आणि तीन वाजता देशभर मिनिटभर स्तब्धता पाळण्याचे आवाहन केले जाते.