परसातील अ‍ॅक्वापोनिक्स : मासे सोडण्यापूर्वीचा काळ

मत्स्यटाकीतील पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवून भाजी पिकविण्याच्या पद्धतीस अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. टाकी व पंप जोडताच नवशिका त्यात मासे सोडतो. ते मरू लागले की दोष पंपाला दिला जातो. वस्तुतः उणीव असते ती जीवाणूंची. माशांनी उत्सर्जित केलेला अमोनिया विषारी असतो. नायट्रोसोमोनास जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व नायट्रोस्पायरा पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही माशांस घातकच, नायट्रेट मात्र वनस्पतींचे खाद्य होय. हे जीवाणू खडीवर स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर क्लोरीनविरहित पाण्यात अल्प अमोनिया घालून नियमित चाचणी घ्यावी. घातलेला अमोनिया २४ तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही आढळेनासा झाला, की मासे सोडावेत. तेही प्रथम थोडेच.