श्वासरुग्ण आणि त्याची वस्ती

तमकश्वासाचे दोन रुग्ण वय, प्रकृती व दोषबल यांत सारखे असावेत, दोघांस एकच कल्प द्यावा, आणि एकास उपशय मिळून दुसऱ्यास मात्र वारंवार वेग यावेत, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांस परिचित आहे. अशा वेळी आपण अनुपान बदलतो, मात्रा वाढवितो. रुग्ण राहतो कोठे, हे केसपेपरावरील पत्त्यापलीकडे क्वचितच विचारले जाते. वास्तविक चरकाचार्यांनी हिक्का-श्वासाची कारणे सांगताना धूळ, धूर, वारा व शीत स्थान यांना अग्रक्रम दिला आहे.

मुंबईतील गोवंडीचेच उदाहरण घेऊ. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. तेथील पुनर्वसन वसाहतींत काही इमारतींमधील अंतर जेमतेम तीन मीटर आहे. अशा ठिकाणी खालच्या मजल्यावर ऊन पोहोचत नाही, भिंतींना ओल धरते. खिडकी उघडावी तर गटाराची दुर्गंधी व डास. म्हणून ती बंद होते आणि डासांसाठी कॉइल लागते. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. विडी कधीही न ओढलेल्या गृहिणीचे फुप्फुस जर्जर का, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. वरच्या मजल्यावरील रुग्णाची अडचण वेगळीच. लिफ्ट बंद, म्हणून तो खाली उतरत नाही. मांसबल क्षीण होते आणि पुढे अल्प श्रमानेही दम लागतो.

‘धूळ-धूर वर्ज्य’ हे छापील पथ्य अशा रुग्णाच्या हाती देणे आम्हांस थट्टाच वाटते. निदानपरिवर्जन त्याच्या एकट्याच्या स्वाधीन नसते. मजला कितवा, खिडकी कोणत्या बाजूस, चूल की गॅस, शेजारी बेकरी वा भट्टी आहे काय, एवढे तरी विचारावे. प्रातःकाळी फिरण्याचा सल्लाही तारतम्याने द्यावा. हिवाळ्यात पहाटे वरच्या उबदार हवेच्या थराखाली धूर जमिनीलगत कोंडतो. ऊन वर आल्यावर फिरणे बरे. घरातील धूपनही, ते कितीही प्रशस्त मानले तरी, श्वासरुग्णाच्या खोलीत नको.

फार्मसीचालक बंधूंसही एक विनंती. २००० साली आलेल्या ‘शेड्यूल टी’ने औषधनिर्मितीची जागा शेजारच्या धूर-धुळीपासून दूर असावी असे म्हटले आहे. परंतु गोवऱ्यांच्या पुटाचा धूर आणि पल्व्हरायझरमधून उडणारी चूर्णाची धूळ शेजाऱ्यांच्या घरातही जाते. भस्मांसाठी विद्युत् भट्टी परवडत नसल्यास पुटाची जागा वस्तीपासून दूर न्यावी, आणि कुटाईच्या खोलीस धूळ शोषणारे यंत्र व कामगारांस योग्य मुखपट्टी द्यावी. सुंठ-मिरे कुटणारा कामगार दिवसभर खोकत असेल, तर त्याचीही तपासणी व्हावयास हवी.