पडदा तोच, चिप नवी

सुप्याच्या एमआयडीसीत यंत्राशेजारच्या टचस्क्रीनवर बोट ठेवणाऱ्या ऑपरेटरला आत कुठल्या जातीची चिप आहे याच्याशी देणंघेणं नसतं. नसावंच. पण खिडक्या उघडणारी, बटणं काढणारी यंत्रणा एका जातीच्या प्रोसेसरवरून दुसऱ्यावर न्यायची तर कुणाला तरी घाम गाळावा लागतो. बरंचसं काम प्रोग्रामचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर करतो. अडतं ते मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याने नकळत गृहीत धरलेल्या गोष्टींपाशी.

एक्स विंडो सिस्टिम या खिडक्यांच्या यंत्रणेची जन्मकथा याचा उत्तम दाखला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत 1984 मध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स संगणकांवर ती उभी केली. पुढच्याच वर्षी ब्राऊन विद्यापीठाने तिची नववी आवृत्ती आयबीएमच्या आरटी पीसीवर नेली. या यंत्राचा प्रोसेसर रिस्क पद्धतीचा, शिस्तीचा कडक. चार बाइटचा आकडा स्मृतीत चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच असला पाहिजे, ही त्याची अट. व्हॅक्स असले आकडे कुठूनही निमूटपणे वाचायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, की प्रोग्राम आणि एक्स यांच्यातले संदेश ही अट पाळतच नाहीत. दुरुस्ती एका यंत्रापुरती करून भागणार नव्हतं. संदेशांची मांडणीच बदलावी लागली, जुने प्रोग्राम चालेनासे झाले, आणि 1985 च्या अखेरीस दहावी आवृत्ती निघाली. एका नव्या प्रोसेसरने सगळ्यांचा करार बदलायला लावला.

ही अद्दल कामी आली. सप्टेंबर 1987 मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीत प्रोग्राम जोडणी करताना पहिल्याच बाइटमध्ये सांगतो, की मी आकड्याचा मोठा भाग आधी लिहितो की लहान. उलटापालट करायची ती पडदा सांभाळणारा एक्सचा सर्व्हर करतो. खुद्द सर्व्हरचेही भाग पाडलेले: यंत्राशी संबंध नसलेला एक, यंत्राला चिकटलेला दुसरा. नव्या चिपवर जाताना मुख्यतः दुसऱ्यालाच हात लागावा, हा हेतू.

हेच गेटिस पुढे दर मुलामागे एक लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेत सॉफ्टवेअरचे प्रमुख झाले आणि इथे गोष्ट महाराष्ट्रात येते. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या छोट्या मराठी शाळेत 2007 मध्ये या संस्थेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. उन्हातही वाचता येणारा पडदा, 433 मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, 256 मेगाबाइट रॅम, आणि खिडक्या एक्सच्याच. केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्याने आदल्याच वर्षी संस्थेच्या या योजनेला नकार दिला होता. शाळेला आधी काय हवं हा विचार केला, तर तो नकार चुकीचा होता असं मला वाटत नाही. लॅपटॉपच्या घडणीबद्दल मात्र आदरच वाटतो.

जिओड हा पीसीच्याच घराण्यातला, म्हणजे एक्स-86. पुढे वीज वाचवण्यासाठी संस्थेने एक्सओ-1.75 या लॅपटॉपात मार्वेल कंपनीची आर्माडा 610 ही एआरएम चिप घेतली. पायथनमध्ये लिहिलेले मुलांचे उपक्रम जसेच्या तसे चालले, सी भाषेतले नव्याने कंपाइल करावे लागले. खरी गंमत रंग भरण्याच्या वेगात होती. एक्समध्ये ठिपक्यांचं गणित पिक्समन नावाची लायब्ररी करते. नव्या चिपवर ती साध्या सी भाषेत बरोबर चालते, पण रखडत. बऱ्याच एआरएम चिपांत यासाठी निऑन नावाच्या सूचना असतात, या चिपमध्ये त्या नव्हत्या. होत्या त्या इंटेलने पीसीसाठीच्या आपल्या जुन्या एमएमएक्स सूचनांवरून एआरएमसाठी बेतलेल्या सूचना. सी भाषेत दोन्हींची नावं तीच! म्हणून मॅट टर्नर या प्रोग्रामरने पीसीसाठी लिहिलेला जुना कोडच या एआरएमवर चालता केला. त्यातही अडचण आली ती वेड्यावाकड्या पत्त्यावरून आकडे वाचण्याचीच. पाव शतकानंतरही दुखणं तेच!

मराठी अक्षरांचं काय? फाँट हा प्रोग्राम नसून बहुतांशी माहिती असते. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी जोपासलेला लोहित मराठी हा फाँट कुठल्याही चिपवर तसाच्या तसा जातो. ओपनटाइप फाँटमध्ये आकड्याचा मोठा भाग आधी लिहायचा ठरलेलं असल्याने पीसी आणि एआरएम दोघेही तो वाचताना उलटवूनच घेतात. जोडाक्षरं जुळवणारा हार्फबझ मात्र प्रोग्राम आहे. तो प्रत्येक चिपसाठी कंपाइल करावा लागतो.

आता पाळी रिस्क-फाइव्हची आहे. बर्कली विद्यापीठात 2010 मध्ये सुरू झालेल्या या खुल्या रचनेवर आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘वेगा’ हे प्रोसेसर घडवले. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या लिनक्स आवृत्तीत रिस्क-फाइव्हला पहिल्यांदा अधिकृत जागा मिळाली. ते चालवायला नवं यंत्रही लागत नाही. क्यूएमयू हा फुकट मिळणारा प्रोग्राम साध्या पीसीवर त्या चिपची नक्कल उभी करतो. नगर-पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हजेरीचं आणखी एक ॲप करण्याऐवजी हे करून पाहावं. मराठी मजकुराची खिडकी उघडावी, काय रखडतं, काय तुटतं ते टिपावं आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी.