मुलांच्या हाती पहिली सुरी कोणती द्याल?

‘मलाही चिरायचंय’ असा हट्ट सुरू झाला, की पालक घरातली सर्वांत बोथट सुरी शोधतात. चूक इथेच होते. बोथट पात्याला जोर जास्त लागतो. मग ते टोमॅटोच्या सालीवरून घसरून बोटावर येतं.

केळं, पनीर, उकडलेला बटाटा यांना प्लॅस्टिकची दातेरी सुरी पुरते. हात बसला, की मुलाला घेऊनच तुळशीबागेतलं भांड्यांचं दुकान गाठा. पातं 3 ते 4 इंचांचं, धारदार, पण टोक गोलसर हवं. मूठ मुलानेच धरून पाहावी. ती त्याच्या हातात नीट बसत नसेल, तर महागडी सुरीही बिनकामाची.

आणि आजीची विळी? ती थोडी थांबू द्या. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी धरलेले दोन्ही हात त्याच्याकडे जातात. सुरी वापरताना दुसऱ्या हाताची बोटं आत वळवून भाजी धरता येते. चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं ठेवा. ओटा मोठ्यांच्या मापाचा असतो, त्यामुळे बुटकं टेबल बरं.

बोट कापलंच, तर हळद भरू नका. वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरा. जखम खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या.