उपचारांनंतरचे स्वावलंबी जीवन

मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण आमच्याकडे दाखल होतो, तेव्हा त्याच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "तो पुन्हा चालेल ना?" याचे उत्तर दर वेळी होकारार्थी देता येत नाही. परंतु "तो स्वतःचे आयुष्य स्वतः जगू शकेल का?" असे विचारले, तर आम्ही बहुधा विश्वासाने 'होय' म्हणू शकतो. पुनर्वसनाचे सारे कार्य या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे.

झाडावरून वा बांधकामावरून पडल्याने किंवा रस्त्यावरील अपघातात मज्जारज्जू दुखावला, की इजेखालील भागाची हालचाल व संवेदना कमी होते वा पूर्णपणे जाते. मलमूत्रविसर्जनावरील ताबाही सुटतो. पूर्वी शस्त्रक्रिया होऊन टाके निघाले, की आम्ही अशा रुग्णास घरी पाठवीत असू. त्यांतील काही जण पुढे खोल शय्याव्रण व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन परत येत. शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असे; रुग्ण मात्र खाटेला खिळलेला असे. उणीव घरच्यांच्या मायेत नव्हती, ती आमच्या शिकवणीत होती, हे येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

म्हणून आता रुग्ण व कुटुंबीय यांचे शिक्षण हा उपचारांचाच भाग मानला जातो. संवेदना नसलेल्या त्वचेवर दीर्घकाळ दाब राहिला, की तेथील रक्तपुरवठा खंडित होऊन व्रण पडतो. त्यासाठी अंथरुणात साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीत बसले असता दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलणे आणि रोज आरशाच्या साहाय्याने त्वचा तपासणे या सवयी अंगवळणी पाडाव्या लागतात. दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळीने मूत्राशय स्वतः रिकामे करण्यास रुग्ण शिकला, तर मूत्रपिंडांचे रक्षण होते व घराबाहेर पडण्याचा संकोचही उरत नाही.

घरासही थोडे बदलावे लागते. एक फूट उंचीच्या ओट्यासाठी बारा फूट लांबीचा उतार हवा. त्याहून तीव्र उतारावर चाकाची खुर्ची स्वतः चढविणे कठीण जाते. मोरीचा उंबरठा काढणे, दार रुंद करणे, संडासात कमोड व आधाराची दांडी बसविणे ही कामे गावातील गवंडीही करू शकतो.

सर्वांत अवघड असतो तो मनातील बदल. "तू कशाला त्रास घेतोस?" असे म्हणत आई मुलाला आंघोळ घालते, त्याचे कपडे बदलते. माया खरीच, परंतु तीतूनच त्याचे हात हळूहळू निरुपयोगी होतात. स्वावलंबन म्हणजे कोणाचीच मदत न घेणे नव्हे. कोणती मदत, केव्हा व कोणाकडून घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरविणे म्हणजे स्वावलंबन. १९७२ साली अमेरिकेतील बर्कली येथे अपंग व्यक्तींनीच स्थापिलेल्या केंद्राने हा विचार रुजविला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारात त्यास स्थान मिळाले. भारताने तो २००७ साली स्वीकारला आणि २०१६ च्या कायद्याने समाजात राहण्याचा दिव्यांगांचा हक्क मान्य केला. आपल्या कोल्हापुरात तर नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभारून या विचाराचे मूर्त रूप दाखविले आहे.

रुग्णालयाचे दार ओलांडून रुग्ण बाहेर पडतो, तेथे आमचे काम संपत नाही आणि समाजाचे सुरू होते. हितचिंतकांच्या देणगीतून एखादी खुर्ची येईल. परंतु ती खुर्ची जेथे जाऊ शकेल अशी शाळा, दुकान, बँक आणि कामाची जागाही हवी. आपल्या दारातील एका पायरीच्या जागी उतार बांधणे, हेही आम्ही मोलाचे दान समजू.