घरची दुनळी

कुकडी प्रकल्पाचें पाणी आलें, तसा जुन्नर तालुक्यांत ऊंस वाढला, आणि उंसाच्या आडोशानें बिबट्या दाराशीं आला. गेल्या कार्तिकांत आमच्या गोठ्यांतील कालवड त्यानें नेली. दुसऱ्याच दिवशीं धाकट्या बंधूंनीं वडिलांची दुनळी बंदूक कपाटांतून काढली. परवाना त्यांच्याच नांवें आहे. बिबट्यास मारण्याचा विचार नव्हता, तें १९७२ च्या कायद्यानें निषिद्धच आहे. हवेंत बार काढून त्यास हुसकावावें, एवढाच बेत. मीं म्हटलें, "आधीं ती हलवून तर पाहूं."

नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनीं खात्री करून घेतली. नंतर नळ्यांखालची लांकडी मूठ काढली, कारण तिच्या कमानीमुळें सैल बंदूकही घट्ट भासते. दस्ता काखेंत धरून नळ्या हलवितांच खुळखुळ झाली. उजेडाकडे धरतां नळ्यांचें बूड व मागची पोलादी भिंत यांमध्यें प्रकाशाची बारीक रेघ दिसली. बार उडतांना काडतूस मागें रेटलें जातें. त्या फटींत त्याच्या बुडास आधार राहत नाहीं, आणि तें फाटल्यास ज्वाळा नेम धरणाराच्या डोळ्यांकडे येते.

नळ्यांखालचा आंकडा सांगाड्यांतील एका आडव्या खिळीभोंवतीं फिरतो. हा आंकडा झिजला कीं बंदूक खिळखिळी होते. बारांनीं तो झिजतोच, पण माणसाच्या ऐटीनेंही झिजतो. मनगटाच्या एका झटक्यानें बंदूक 'खट्' मिटविण्याची वडिलांची लकब आम्हां मुलांस मोठी रुबाबदार वाटे!

गांवचा लोहार पत्र्याची पट्टी डाखून देण्यास तयार होता. परंतु १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वयें या कामाचा धंदा करण्यास परवाना लागतो. शिवाय दोन नळ्यांमधील पट्टी कथलाच्या डाखानें बसविलेली असते, ती भट्टीच्या आंचेनें सुटते. नळ्या दोरीनें टांगून बोटाच्या पेरानें ठोकाव्या. घंटेसारखा नाद निघाला तर सांधा शाबूत, बद्द वाजल्या तर सुटलेला. आमच्या छान वाजल्या.

शेवटीं पुण्यांतील एका परवानाधारक कारागिराकडे गेलों. त्यानें आंकड्यास दिव्याची काजळी लावून बंदूक मिटली, उघडली, आणि काजळी कोठें पुसली तें दाखविलें. तेथें धातु चढवून झीज भरतां येईल, असें तो म्हणाला. पण कानस उचलण्यापूर्वीं त्यानें नळ्या उलट्या केल्या. वर लहरींची सुंदर नक्षी होती. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून या नळ्या घडवीत. खालीं बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाच्या खुणा होत्या. तें परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्यानें स्थापन झालेलें. त्या खुणा केवळ काळ्या दारूच्या परीक्षेच्या होत्या. खडकीच्या कारखान्याचीं हल्लींचीं काडतुसें धूररहित दारूचीं, त्यांचा दाब निराळा.

दुसरी फसगत लांबीची. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असतां एकीचा जो व्यास, तो. तो दोहोंचा एकच. परंतु आमच्या नळीचें घर अडीच इंचांचें आणि हल्लींचें काडतूस पावणेतीन इंचांचें. तें आंत सहज बसतें, पण उडतांना त्याचें तोंड पुरतें उघडावयास जागा उरत नाहीं व दाब आणखी वाढतो.

बंधु बराच वेळ नक्षीवरून बोट फिरवीत बसले. मग म्हणाले, "दुरुस्ती राहूं द्या."

आतां नळ्या व दस्ता निरनिराळ्या कप्प्यांत कुलपांत आहेत. वांचलेल्या पैशांत गोठ्यास लोखंडी जाळीचें दार बसविलें.