लाल बावटा आणि घरचा उंबरठा

सूर्यमाळला एका म्हातारीने मला एक प्रश्न विचारला होता. आज तोच तुमच्यापुढे ठेवतो.

मोखाडा तालुक्यातलं हे उंचावरचं गाव. पावसाळ्यात धुक्यात बुडालेलं, नागली-वरईवर जगणारं, आणि दिवाळी झाली की वीटभट्ट्यांच्या कामासाठी रिकामं होऊ लागणारं. तिथे आम्ही वनहक्काचे अर्ज भरत बसलो होतो. मी लाल बावट्याच्या पक्षाचा जुना सभासद. २००६च्या वनहक्क कायद्यात एक चांगली तरतूद आहे. हक्कदार विवाहित असेल, तर जमिनीवर नवरा-बायको दोघांचंही नाव लागतं. एक गडी बायकोचं नाव घालायला कां-कूं करत होता. मी त्याला समतेवर चांगलं व्याख्यान दिलं. शेजारी बसलेली म्हातारी शांतपणे म्हणाली, “भाऊ, तुज्या घरावर तुज्या बहिणीचं नाव हाय का?”

नव्हतं. वडील गेल्यावर हक्कसोडपत्रावर तिची सही मीच घेतली होती. माझ्या कवितेत बहीण होती, घराच्या उताऱ्यावर नव्हती.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. नमाज-रोजा पाळतो, मुलांची लग्नं वडीलधाऱ्यांनी ठरवावीत असं मानतो. पक्षातले मित्र थट्टा करतात, “हा मोर्चात डावा, घरात उजवा!” पण असा मी एकटा नाही. सगळ्या जातिधर्मांत आमची संख्या मोठी आहे. असं का होतं?

माणूस अशा पक्षात येतो तो मजुरी, जमीन, रेशन या दारांतून. उंबरठ्याच्या आतलं त्याला कोणी विचारत नाही. संघटनेला माणसं हवी असतात. घरातल्या गोष्टी काढल्या तर ती तुटतील, ही भीती असते. मग आपण म्हणतो, आधी पोटाचा प्रश्न सुटू दे, बाकीचं आपोआप होईल.

ते आपोआप होत नाही, हे मुंबईच्या गिरण्यांनी कधीच दाखवून दिलं आहे. १९२८चा संप सहा महिने चालला. पुढारीपण कम्युनिस्टांकडे होतं, कामगारांची एकजूट दांडगी होती. तरीही जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि त्याचा सवर्ण सोबत्यांना विटाळ वाटे. मालकाशी एकत्र लढणारे मागावर मात्र वेगळे! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे १९७८ साली धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले. वर्गाबरोबर जातीशीही लढलं पाहिजे, असं म्हणत त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला.

आम्हा मुसलमानांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. समाजवादी मुशीतून आलेल्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि तोंडी तलाकबंदीची मागणी केली. समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं. १९८६ साली, शहाबानो निकालानंतरच्या विधेयकाला डाव्या पक्षांनी विरोध केला, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला तो विरोध पटला नव्हता. आपण थोडे आहोत, निदान घरची रीत तरी आपली राहू दे, असं वाटायचं. ही भीती खोटी नाही. पण त्या भीतीचं ओझं कोण वाहतं, हे मी पाहिलं नव्हतं.

म्हातारीच्या प्रश्नाने ते दिसलं. जुन्या वळणाचं असणं हा गुन्हा नव्हे. मी रोजा ठेवतो तेव्हा भूक माझी असते. वडीलधाऱ्यांचा मान राखतो तेव्हा वाकतो मी. त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण हक्कसोडपत्रात रीत माझी होती आणि किंमत बहिणीने मोजली. विणकाम खात्यातही तेच होतं.

आणखी एक. मी ज्याला धर्म समजत होतो, तो धर्म तरी होता का? कुराणाने मुलीला हिस्सा दिलेला आहे. मुलाच्या निम्मा का होईना, दिलेला आहे. म्हणजे पक्ष आणि दीन दोघंही मला ‘दे’ म्हणत होते. मी दोघांचंही ऐकलं नाही. ऐकलं ते गावोगावच्या भावांच्या रिवाजाचं. त्या रिवाजाला ना जात, ना धर्म.

म्हणून पक्षातल्या आणि पक्षाबाहेरच्या माझ्यासारख्या मंडळींना एवढंच सांगतो. आपली मतं लगेच बदलू नका हवं तर. पण प्रत्येक रीतीपाशी थांबून विचारा, हिची किंमत कोण देतंय?

मागच्या वर्षी मी बहिणीकडे गेलो. तिच्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करून देतो म्हणालो. तिने चहा ठेवला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “भाई, तेव्हा मी न वाचता सही केली होती. या वेळी कागद आधी वाचीन.”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)